जनरल मोटर्स : बैल गेला आणि झोपा केला

स्प्लिट_पिन (धागाकर्ता)

जीएमचं नाव निघालं की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते जगातलं सगळ्यात टिकाऊ व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) यांनीच बनवलं. दुसरी कॉर्व्हेअर, व्हेगा, कोबाल्ट या फसलेल्या गाड्यांचे पाढे वाचते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून हा धागा. माझं म्हणणं एवढंच की जीएमच्या बदनाम गाड्यांचं मूळ डिझाइन सहसा टाकाऊ नव्हतं. चार पैसे वाचवायला एखादा पार्ट वगळला जायचा, तक्रारी फायलीत राहायच्या, तो पार्ट बसेपर्यंत काही वर्षं उलटायची. गाडी धड झाली की थोड्याच दिवसांत बंद!

पार्श्वभूमी थोडक्यात. १९०८ मध्ये विल्यम ड्युरंटने मिशिगनमधल्या फ्लिंट गावात ब्यूइकच्या जिवावर कंपनी काढली आणि ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक वगैरे धडाधड विकत घेतल्या. १९१० मध्ये बँकांनी त्याला बाहेर काढलं. त्याने लुई शेव्हरोलेला हाताशी धरून नवी कंपनी उभी केली, तिच्या जोरावर १९१६ मध्ये जीएम परत मिळवली आणि १९२० मध्ये पुन्हा घालवली. १९२३ पासून आल्फ्रेड स्लोनची कारकीर्द. शेव्हरोले खाली, कॅडिलॅक वर, मध्ये बाकीचे ब्रँड, म्हणजे पगार वाढला तरी गिऱ्हाईक घरातच राहतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकली जाणारी साधारण दर दुसरी गाडी जीएमची होती. कायद्याने कंपनीचे तुकडे होतील ही धास्ती जीएमला होती, विक्रीची नव्हती.

आता कॉर्व्हेअर, १९६० चं मॉडेल. मागे बसवलेलं एअर-कूल्ड सहा सिलिंडरचं इंजिन, मागच्या चाकांना स्विंग अॅक्सल. या अॅक्सलला चाकाच्या बाजूला जॉइंट नसतो, फक्त डिफरन्शियलच्या बाजूला असतो. जोरात वळण घेतलं की बाहेरचं मागचं चाक खालून आत दुमडतं, गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि टायरची पकड एकदम सुटते. यावर साधा उपाय म्हणजे पुढे अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी). तो खर्चासाठी वगळला. त्याऐवजी टायरच्या हवेवर काम भागवलं : थंड टायरला पुढे १५ पीएसआय, मागे २६. कागदावर हे चालतं. पण अमेरिकेतला पंपवाला चारही टायरना सारखीच हवा मारायचा, आणि पुढे १५ बघून तर तो हटकून जास्त भरायचा. पुढची पकड वाढली की मागचं आधी सुटणार.

१९६२ मध्ये बार ऑप्शन म्हणून आला. १९६४ मध्ये पुढचा बार स्टँडर्ड झाला आणि मागे आडवा लीफ स्प्रिंग आला. १९६५ ला मागचं सस्पेन्शन पूर्ण नवं, दोन्ही टोकांना जॉइंट असलेलं. कॉर्व्हेअरला धोकादायक ठरवणारं राल्फ नेडरचं पुस्तक नोव्हेंबर १९६५ चं. म्हणजे पुस्तक आलं तेव्हा शोरूममधली गाडी सुधारलेली होती! जीएमने गप्प बसायचं, तर नेडरच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली, १९७० मध्ये नेडरला ४,२५,००० डॉलर द्यावे लागले, आणि मधल्या मध्ये अमेरिकेत वाहन सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला. १९७२ च्या सरकारी चाचणीत १९६०-६३ ची कॉर्व्हेअर त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नाही असा निष्कर्ष निघाला. तोवर गाडी बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

---

नवा_गडी

वाचनखूण साठवली. एक शंका : मागून धडक बसली की टाकी फुटणारी पिंटो पण जीएमचीच ना?

---

तिरकस

पिंटो फोर्डची. दुसऱ्याचं पाप यांच्या माथी नको, स्वतःचं पुरेसं आहे. जीएमचं प्रकरण म्हणजे १९७३ ते ८७ चे मोठे पिकअप. पेट्रोलच्या टाक्या चासीच्या मुख्य दांड्यांच्या बाहेर, बाजूला लटकवलेल्या. बाजूने धडक बसली की टाकी आणि समोरचं वाहन यांच्यामध्ये फक्त बॉडीचा पत्रा. १९८८ च्या नव्या मॉडेलमध्ये टाकी आत घेतली. गंमत अशी की अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीच्या कार्यक्रमाने १९९२ मध्ये धडकेची चाचणी दाखवताना आग नक्की लागावी म्हणून खाली छोटी रॉकेट लावली होती. जीएमने ते शोधून काढलं, दावा ठोकला, फेब्रुवारी १९९३ मध्ये एनबीसीला जाहीर माफी मागायला लावली. जिंकलेल्या थोड्या लढायांपैकी ही एक. टाकी होती तिथेच होती.

---

गॅस्केटराव

धागाकर्त्याशी सहमत. व्हेगा त्याच साच्यातली, फक्त तांत्रिक बाजू जास्त मजेदार.

२.३ लिटरचा अॅल्युमिनियम ब्लॉक, मिश्रधातूत साधारण १७ टक्के सिलिकॉन, आणि सिलिंडरला बिडाचा लायनर नाही. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) होन केल्यावर, म्हणजे घासून नीट केल्यावर, वरचं अॅल्युमिनियम रसायनाने किंचित खाऊ द्यायचं, म्हणजे सिलिकॉनचे कठीण कण उघडे पडतात आणि पिस्टन-रिंग त्यांच्यावर चालतात. पिस्टनच्या स्कर्टवर लोखंडाचा मुलामा. हे तंत्र चुकीचं नव्हतं, पुढे पोर्शेने ९२८ मध्ये असाच लायनर नसलेला ब्लॉक वापरला.

बिघडलं ते भोवतालचं. एक तर ब्लॉक वरून उघडा, म्हणजे सिलिंडर वरच्या टोकाला आधाराशिवाय पाण्यात उभे. त्यावर हेड बिडाचं. दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, सगळा भार गॅस्केटवर. रेडिएटर लहान, कूलंट कमी पडल्याची पूर्वसूचना देणारं काही नाही. एकदा तापलं की बोअर वाकडे, मुलामा उडाला, ओरखडे पडले. दुसरं, व्हॉल्व्ह स्टेमचे सील कडक होऊन चिरायचे आणि इंजिन तेल प्यायला लागायचं. बऱ्याच गॅरेजवाल्यांनी तेल जातंय म्हणजे बोअर गेला असं धरून आख्खा ब्लॉक काढला, जिथे सील बदलून भागलं असतं. बोअर खरंच गेलेला असेल तर इलाज एकच : बोअर मोठा करून बिडाचा स्लीव्ह ठोकायचा. स्लीव्ह घातलेली इंजिनं पुढे निमूट चालली.

गंजाचं तर विचारूच नका. बॉडी गंजरोधक द्रावणात बुडवताना पुढच्या मडगार्डच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकायची आणि तेवढी जागा कोरडी राहायची. आतून लायनरही नव्हते. चाकाने उडवलेली मीठ-चिखलाची राड थेट तिथे. प्लास्टिकचे लायनर नंतर आले. १९७६ मध्ये इंजिनमध्ये सुधारणा करून ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांची वॉरंटी दिली. १९७७ हे व्हेगाचं शेवटचं वर्ष. धाग्याचं शीर्षक इथे चपखल बसतं.

---

डेट्रॉइटकर

नाण्याची दुसरी बाजू लिहायलाच हवी, नाहीतर धागा एकांगी होईल. १९५५ चं शेव्हरोले स्मॉल-ब्लॉक व्ही-८. जीएमचा इंजिनिअर एड कोल याच्या टीमने केलेलं २६५ क्युबिक इंचाचं, म्हणजे ४.३ लिटरचं इंजिन. दोन सिलिंडरच्या मध्यांतलं अंतर ४.४ इंच. हा आकडा जीएमच्या पुढच्या एलएस इंजिन मालिकेतही तसाच राहिला. रॉकर-शाफ्टची भानगड नाही, पत्र्याचा दाबून केलेला रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) एका स्टडवर गोलाकार बॉलभोवती डुलतो. इनटेक मॅनिफोल्डच मधल्या घळीचं झाकण होतं, वेगळं झाकण नको. कमी पार्ट, हलकं ओतकाम, जास्त आरपीएम. इथे स्वस्ताई डोकं लावून केली होती. पहिल्या वर्षीच्या इंजिनला तेलाचा फिल्टर बसवायची सोयच नव्हती, तेवढं एक सोडा. पुढच्याच वर्षी ती दिली.

कोणी याच इंजिनचं ३५० क्युबिक इंचाचं रूप उघडणार असेल तर नेहमी चुकणाऱ्या गोष्टी :

हेडचे बोल्ट थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात. आट्यांना सीलंट लावल्याशिवाय आवळले तर कूलंट आट्यांवरून वर चढतं आणि लोक गॅस्केट गेलं म्हणून पुन्हा हेड काढतात. टॉर्क ६५ फूट-पाउंड, तीन टप्प्यांत, मधल्या बोल्टपासून बाहेर.

हायड्रॉलिक टॅपेटची (कॅमचा धक्का पुशरॉडला देणारा भाग) सेटिंग : पुशरॉड बोटांनी वर-खाली हलवत नट आवळायचा. खेळ संपला तो शून्य. तिथून अर्धा ते एक फेरा पुढे. पुशरॉड गोल फिरवून अंदाज घेणारे हमखास जास्त आवळतात, कारण प्लंजरची स्प्रिंग दबायला लागली तरी रॉड फिरतच राहतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं.

जुन्या फ्लॅट टॅपेट कॅमला (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) आजचं झिंक कमी असलेलं तेल चालत नाही. नवा कॅम बसवल्यावर लोब (कॅमचे उंचवटे) आणि टॅपेटला कॅमचं ग्रीस, झिंक असलेलं तेल, आणि इंजिन सुरू होताच पहिली २० मिनिटं २,००० आरपीएमच्या आसपास. आयडलवर सोडलं की लोब सपाट, कारण कॅमवर तेल मुख्यतः क्रँकच्या फवाऱ्याने पोचतं.

४०० चं इंजिन बाहेरून बॅलन्स केलेलं असतं. त्याचा पुढचा बॅलन्सर किंवा फ्लायव्हील ३५० ला लावलं की इंजिन थरथरत बेअरिंग खातं. दिसायला दोन्ही जुळतात, म्हणून ही चूक फार होते.

---

नवा_गडी

ओल्ड्समोबिलचं डिझेल म्हणजे पेट्रोल इंजिनलाच डिझेल हेड लावलेलं होतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. खरं का?

---

गॅस्केटराव

नाही. १९७८ च्या ५.७ लिटर डिझेलचा ब्लॉक वेगळा ओतलेला, जाड, मेन बेअरिंग मोठी. इतका दणकट की नंतर लोकांनी तोच ब्लॉक पेट्रोलच्या रेसिंग इंजिनांसाठी शोधून शोधून वापरला. घोडं पेंड खात होतं ते हेडच्या बोल्टपाशी. उत्पादनाची यंत्रं बदलायला नकोत म्हणून पेट्रोलचीच बोल्टची मांडणी ठेवली, एका हेडला १० बोल्ट. कॉम्प्रेशन मात्र २२.५ ला १. बोल्ट ताणले जायचे, गॅस्केट सुटायचं, कूलंट सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

त्यात डीलरकडच्या मेकॅनिकने ताणलेले बोल्टच परत वापरले की काही महिन्यांत तीच गाडी पुन्हा दारात. ते बोल्ट एकदाच वापरायचे असतात. नवे किंवा बाहेरचे स्टड घातले की बऱ्याच इंजिनांचा हा रोग गेला.

दुसरी काटकसर म्हणजे डिझेल लाइनमध्ये पाणी वेगळं करणारा सेपरेटरच नाही. त्या काळी पंपावरच्या डिझेलमध्ये पाणी सर्रास यायचं, आणि इंजेक्शन पंप आतून गंजायचा. काही मालक टाकीत अल्कोहोलवालं ड्रायर ओतायचे, त्याने पंपातले रबर-प्लास्टिकचे भाग फुगून तुटायचे. १९८१ च्या आसपास सुधारलेला ब्लॉक आला, सेपरेटरही मिळाला. १९८५ ला इंजिन बंद. अमेरिकन माणसाच्या मनातून डिझेल कार उतरली ती उतरलीच, आणि मर्सिडीजसारख्या चांगल्या डिझेलवाल्यांनाही त्याची झळ लागली.

---

तिरकस

कोबाल्टच्या इग्निशन स्विचबद्दल (चावीने फिरतो तो) कोणीतरी नीट लिहा. "चावी जड झाली म्हणून गाडी बंद पडली" एवढ्यावर लोक थांबतात.

---

डेट्रॉइटकर

कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे गाड्या. स्विचच्या आत एक छोटा प्लंजर असतो, मागे स्प्रिंग. चावी फिरवली की तो खाचेत बसतो आणि "टक्" जाणवतं. ती खाच सोडायला २० न्यूटन-सेंटीमीटर टॉर्क लागावा असं जीएमचंच मोजमाप होतं. प्रत्यक्षात कित्येक स्विच त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हते, आणि हे माहीत असून २००२ मध्ये पार्ट मंजूर झाला. त्यात स्विच स्टिअरिंग कॉलमवर खाली, गुडघा लागेल असा. चावीच्या डोक्याला लांबट फट, म्हणून जुडगा एका बाजूला सरकून तरफेसारखा ओढायचा.

खड्ड्यात गाडी आपटली की चावी "रन"वरून "अॅक्सेसरी"वर. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरता. आणि खरा घात पुढे : एअरबॅगचं मॉड्यूलही झोपतं. गाडी झाडावर आदळते आणि एअरबॅग उघडतच नाही. कंपनीत वर्षानुवर्षं याची नोंद "गाडी बंद पडण्याची गैरसोय" अशी होत राहिली. एअरबॅगचे लोक वेगळ्या टेबलावर, स्विचचे वेगळ्या.

२००६ मध्ये प्लंजर-स्प्रिंग लांब केली, पण पार्ट नंबर तोच ठेवला. माझ्या मते स्विच कमजोर असण्यापेक्षा हे मोठं पाप. पार्ट बदलला की नंबर बदलतो, हा कारखान्यातला पहिला धडा. नंबर तोच राहिल्याने २००८ च्या गाड्यांत तक्रार का नाही हे तपास करणाऱ्यांना कळेना. शेवटी मृतांच्या बाजूच्या तज्ज्ञाने दोन स्विच उघडून शेजारी ठेवले आणि लांबीतला फरक दाखवला. फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल सुरू, एकूण सुमारे २६ लाख गाड्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. २०१५ मध्ये ९० कोटी डॉलरचा दंड.

कोणाकडे अशी जुनी गाडी असेल तर : रिकॉलमध्ये स्विच आणि लॉक सिलिंडर (चावी घालायचा भाग) दोन्ही बदलतात, काम फुकट असतं. ते होईपर्यंत एकच चावी, जुडगा नाही. चालती गाडी बंद पडली तर न्यूट्रलमध्ये घेऊन पुन्हा स्टार्टर मारायचा. ब्रेक पंप करायचा नाही, एकदाच दाबून धरायचा, नाहीतर उरलेला व्हॅक्यूम संपतो.

---

शिवडी_लोकल

आपल्याकडचा अध्याय राहिला. जीएम मुंबईत १९२८ पासून होती. शिवडीच्या कारखान्यात सुट्या भागांतून शेव्हरोले आणि ट्रक जुळवले जायचे. नुसती जुळवणी नको, भाग इथे बनवा असं सरकारी धोरण आल्यावर १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. १९९४ मध्ये हिंदुस्थान मोटर्सबरोबर गुजरातमधल्या हालोलला परत आले, आधी ओपेल, २००३ पासून शेव्हरोले. तळेगावचा कारखाना २००८ चा.

शेव्हरोलेचं सोनेरी बो-टाय चिन्ह लावून आपल्याकडे जे विकलं गेलं त्यातलं बरंचसं मुळात कोरियन देवू होतं. स्पार्क म्हणजे मॅटिझची पुढची पिढी, ऑप्ट्रा म्हणजे लॅसेटी. टव्हेरा इसुझू पँथरवर बेतलेली. आणि टव्हेरानेच नाक कापलं. जुलै २०१३ मध्ये २००५ पासूनच्या १,१४,००० टव्हेरा परत बोलावल्या, कारण प्रदूषण तपासणीत हेराफेरी. तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत आधीच पास झालेली इंजिनं बसवली जात होती. हे कंपनीच्या अंतर्गत चौकशीत निघालं आणि बऱ्याच जणांना घरी जावं लागलं, वरिष्ठांसकट. इथे पार्ट वगळला नव्हता, सरळ फसवणूक होती. त्यामुळे धागाकर्त्याचं सूत्र याला लागू पडत नाही.

मे २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवत असल्याची घोषणा. हालोल एमजीकडे गेलं. तळेगावात निर्यातीसाठी बीट ही गाडी बनत राहिली, डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबलं. तो कारखाना चिनी ग्रेट वॉल कंपनीला विकायचा सौदा २०२२ मध्ये फिसकटला, २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला. मधल्या काळात कामगारांचा कोर्टकज्जा चालू होता.

ज्यांच्याकडे अजून या गाड्या आहेत त्यांच्यासाठी : स्पार्क १.० ला टायमिंग बेल्ट आहे, बीट १.२ पेट्रोलला चेन. क्रूझच्या २.० डिझेललाही बेल्ट. जुनी गाडी घेताना बेल्ट कधी बदलला याचा कागद मागा. कागद नसेल तर बदललेला नाही असं धरून बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला. नुसता बेल्ट बदलून पंप तसाच ठेवला आणि पंपाचं बेअरिंग गेलं, तर नवा बेल्टही घेऊन जातं.

---

तिरकस

माहितीपूर्ण. पण २००९ च्या दिवाळखोरीचं काय? ती पण एका पार्टमुळे का?

---

स्प्लिट_पिन (धागाकर्ता)

टव्हेराबद्दल मान्य. दिवाळखोरीचं कारण वेगळं : निवृत्तांच्या पेन्शन आणि औषधपाण्याचा बोजा, एकसारख्या गाड्या विकणारे आठ ब्रँड, नफा मोठ्या पिकअप-एसयूव्हीत अडकलेला, आणि २००८ मध्ये आधी महाग पेट्रोल, मग कर्जबाजार ठप्प. १ जून २००९ ला अर्ज, १० जुलैला नवी कंपनी बाहेर. सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर घातले, २०१३ अखेर शेवटचे शेअर विकले तेव्हा ११ अब्जांच्या आसपास तोटा राहिला. पॉन्टिअॅक आणि सॅटर्न गेल्या.

मला जास्त बोलका वाटतो तो कॅलिफोर्नियातला फ्रिमाँट कारखाना. १९८२ मध्ये जीएमने तो बंद केला, गैरहजेरी आणि दर्जा दोन्हींसाठी कुप्रसिद्ध. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत उघडला, बहुतेक जुनेच कामगार, तीच युनियन. फरक म्हणजे चूक दिसली की कामगाराने दोरी ओढून लाइन थांबवायची. दर्जा थोड्याच काळात जपानच्या जवळपास गेला. म्हणजे उत्तर जीएमच्या हातात होतं, दोन दशकांहून जास्त काळ. २०१० मध्ये कारखाना बंद पडला, आज तिथे टेस्ला बनते.

---

नवा_गडी

आताच्या गाड्यांचं काय? अमेरिकेतल्या भावाला जुनी बोल्ट ईव्ही (जीएमची इलेक्ट्रिक गाडी) किंवा टाहो (जीएमची मोठी एसयूव्ही) घ्यायची आहे.

---

डेट्रॉइटकर

बोल्ट ईव्हीची भानगड : एलजीच्या काही बॅटरी सेलमध्ये फाटलेला अॅनोड टॅब आणि दुमडलेला सेपरेटर (सेलच्या आतला पडदा), दोन्ही एकाच सेलमध्ये आले तर आग. २०२१ मध्ये २०१७ ते २०२२ च्या सगळ्या बोल्ट परत बोलावल्या. दुरुस्ती होईपर्यंत ९० टक्क्यांवर चार्ज नको, रेंज ७० मैलांखाली नको, चार्जनंतर गाडी बाहेर उभी, असा सल्ला होता. काही गाड्यांना नवी बॅटरी मिळाली, काहींना फक्त निदान करणारं सॉफ्टवेअर. नवी बॅटरी मिळालेली गाडी उत्तम, कारण बॅटरीची वॉरंटीही नव्याने सुरू झालेली असते. विकणाऱ्याच्या तोंडावर न जाता डीलरकडून १७ अक्षर-अंकी व्हीआयएनवर (गाडीचा ओळख क्रमांक) नोंद काढून घ्या.

टाहोत ६.२ लिटरचं इंजिन असेल तर जपून. एप्रिल २०२५ मध्ये २०२१ ते २०२४ च्या सुमारे ६ लाख गाड्या अमेरिकेत रिकॉल झाल्या. क्रँकशाफ्ट किंवा कनेक्टिंग रॉड सदोष, चालता चालता इंजिन जाम. तपासणीत नापास झाली तर इंजिन बदलतात. पास झाली तर ०डब्ल्यू-२० काढून ०डब्ल्यू-४० तेल, नवा फिल्टर, आणि तेलाच्या तोंडाला नव्या ग्रेडचं झाकण. खालून ठकठक, चेक इंजिन लाइट किंवा आयडल विनाकारण वर राहणं, यातलं काही दिसलं तर सौदा सोडा.

५.३ लिटर घेतली तर वेगळा त्रास : निम्मे सिलिंडर बंद करणाऱ्या यंत्रणेचा टॅपेट अडकतो आणि कॅम खातो. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक येते का ते कान देऊन ऐका. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, तुम्ही पोचण्याआधी गाडी गरम करून ठेवायची नाही.

---

नवा_गडी

आभार. भावाला धागा पाठवला. ६.२ रिकॉल झाल्यावर डीलरने ०डब्ल्यू-४० घातलं, पण पुढचा तेलबदल बाहेरच्या गॅरेजमध्ये केला तर?

---

डेट्रॉइटकर

झाकणावर ग्रेड छापलाय तो दाखवायचा आणि बिलावर ०डब्ल्यू-४० लिहून घ्यायचं. बऱ्याच गॅरेजच्या कॉम्प्युटरवर जुनाच ०डब्ल्यू-२० दिसू शकतो. उद्या इंजिनचा दावा करायची वेळ आली तर ती बिलं लागतील.